एका 'च'चा इतिहास

मराठीत एक अक्षर असे आहे की त्याला स्वतःचा म्हणून काही अर्थ नाही. पण ते ज्या शब्दाच्या शेपटीला चिकटते त्या शब्दाचा तोरा एकदम बदलतो. ते अक्षर म्हणजे 'च'. 'मी जाईन' म्हणणारा कदाचित जाईल, कदाचित जाणार नाही. 'मी जाईनच' म्हणणाऱ्याला अडवण्यात अर्थ नसतो. या 'च'ची खरी सद्दी पाहायची असेल तर दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींचे बोलणे ऐकावे. चकली मोडता मोडता कुणी म्हणतो, "पाहुण्याचे असे आगतस्वागत आपल्याकडेच हो!" घटकाभराने तोच गृहस्थ घड्याळाकडे पाहून म्हणतो, "सहाचे आमंत्रण, आठ वाजले तरी निम्मी मंडळी यायचीच आहेत. हे आपल्याकडेच चालते!" पहिल्या वाक्यात अभिमान आहे, दुसऱ्यात वैताग आहे, पण 'च' तोच, आणि दोन्ही वाक्यांना माना डोलावणारी मंडळीही तीच.

मी पेशाने शाळामास्तर, आणि सवड मिळेल तशी कादंबरी लिहिणारा. या दोन्ही धंद्यांत, माणसे काय बोलतात याकडे कान ठेवावा लागतो. त्यामुळे 'आपल्याकडेच' हे शब्द कुठे ऐकू आले की माझे मन आपोआप विचारते, खरेच का? मग जुनी पुस्तके, प्रवासवर्णने, परदेशचे इतिहास चाळताना या प्रश्नाची उत्तरे भेटत राहतात. त्यांतली काही आज वाचकांपुढे ठेवतो.

हा 'च' आजकालचा नव्हे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इराणच्या दारयवहु बादशहाची एक गोष्ट सांगितली आहे. बादशहाने दरबारातल्या ग्रीकांना विचारले, "किती द्रव्य दिले तर तुम्ही आपल्या मृत वडिलांचे मांस खाल?" ग्रीक म्हणाले, जगातल्या कोणत्याही मोलाने नाही. मग त्याने हिंदुस्थानातल्या एका जमातीच्या लोकांना बोलावले. त्या लोकांत मृत मातापित्यांचे मांस खाण्याची रीत होती, असे हिरोडोटस सांगतो. त्यांना बादशहाने विचारले, "वडिलांचे प्रेत जाळायला तुम्ही काय घ्याल?" ते लोक आक्रोश करीत म्हणाले, असले अभद्र बोलू नका. त्या जमातीचा तपशील खरा असो वा ऐकीव असो, हिरोडोटसने त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा ठरलेला नाही : जगातल्या सर्व चालीरीती समोर मांडून निवड करायला सांगितली, तर प्रत्येक समाज शेवटी आपलीच रीत उचलील.

आपल्याविषयीची साक्ष तर याहून नेमकी आहे. गझनीच्या महमूदाच्या काळात अल्‌बेरुणी हा मोठा पंडित हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, आणि १०३० च्या सुमारास त्याने या देशावर ग्रंथ लिहिला. त्यात तो तक्रार करतो की, आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे राजे नाहीत, आपल्यासारखी विद्या नाही, अशी येथल्या लोकांची समजूत आहे. ते प्रवास करतील आणि इतरांत मिसळतील तर त्यांचे मत बदलेल, आणि त्यांचे पूर्वज एवढ्या कोत्या मनाचे नव्हते. पुरावा म्हणून तो वराहमिहिराचा दाखला देतो. यवन म्हणजे ग्रीक, ते म्लेच्छ असले तरी शास्त्रात निपुण म्हणून मानास पात्र, असे वराहमिहिराने म्हटले होते. अल्‌बेरुणीचे हे बोल वाचून आपल्याला झोंबते, किंवा अंगात लगेच वाद संचारतो. पण त्याच ग्रंथात तो आणखी एक गोष्ट नोंदवतो, आणि तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. परक्यांना कमी लेखण्याची ही खोड केवळ हिंदूंची नाही. ती आमच्यातही आहे, आणि सर्वच राष्ट्रांत एकमेकांविषयी आहे, असे तो स्पष्ट लिहितो. हजार वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या तक्रारीतून 'च' काढून टाकला होता.

आता आपल्या लाडक्या खेकड्यांकडे वळू. टोपलीभर खेकडे घेऊन कोळी बसलेला असतो, टोपलीवर झाकण नसते. कुणी विचारतो, पळून जाणार नाहीत का? कोळी म्हणतो, "काळजी नको साहेब, मराठी खेकडे आहेत. एक वर चढू लागला की दुसरा त्याचा पाय ओढतो." ही गोष्ट महाराष्ट्रात किती सभांतून सांगितली गेली असेल याची गणती नाही. सांगणारा ती अशा सुरात सांगतो की जणू हे खेकडे अलिबागच्या किनाऱ्यावरच जन्मले. प्रत्यक्षात फिलिपाईन्स बेटांत हेच खेकडे राष्ट्रीय दोषाचे चिन्ह मानले जातात; तेथल्या टागालोग भाषेत या वृत्तीला 'उताक तालांग्का' म्हणजे खेकड्याची बुद्धी असे नावच आहे. वेस्ट इंडीज बेटांत आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातही हीच कथा प्रचलित आहे. तिथे टोपलीऐवजी पिंप असते एवढाच फरक.

खेकडे नसले तरी हा दोष आपला खास म्हणणारे देश आहेतच. डेन्मार्क-नॉर्वेत 'यांटेचा कायदा' म्हणून म्हण झाली आहे. आक्सेल सांडेमोस या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या कादंबरीकाराने १९३३ साली यांटे नावाचे काल्पनिक गाव रंगवले आणि त्या गावाचे दहा अलिखित नियम सांगितले. सगळ्यांचा मथितार्थ एक : तू कुणी विशेष आहेस असे समजू नकोस. आज तिकडचा माणूस सुस्कारा टाकून म्हणतो, "काय करणार, आमच्याकडे यांटेचा कायदा आहे ना!" ऑस्ट्रेलियात म्हणतात, आमच्याकडे उंच खसखशीचे झाड छाटले जाते. ही उपमा तर रोमची. टार्क्विन या गर्विष्ठ राजाकडे मुलाचा निरोप्या सल्ला विचारायला आला. राजा काही न बोलता बागेतून फिरत राहिला आणि काठीने उंच खसखशीची बोंडे उडवीत गेला. मुलाने ओळखायचे ते ओळखले आणि गावातली मोठी माणसे नाहीशी केली. लिव्हीने सांगितलेल्या या गोष्टीचा आणखी जुना अवतार हिरोडोटसमध्ये आहे. तिथे खसखशीऐवजी गव्हाची कणसे आहेत. जपानी लोक म्हणतात, वर आलेला खिळा ठोकला जातो. खेकडा, खसखस, कणीस आणि खिळा! मत्सर एकच, वस्तू प्रत्येकाने आपापल्या परसातली घेतली.

उशिरा येण्याचेही तसेच. 'इंडियन टाइम' म्हणत आपण स्वतःला चिमटा काढतो. आफ्रिकेत 'आफ्रिकन टाइम' म्हणतात, फिजी बेटांत 'फिजी टाइम'. मेक्सिकोत 'मेक्सिकन वेळ' म्हणजे उशीर, आणि दक्षिण अमेरिकेत वक्तशीरपणाला 'इंग्रजी वेळ' म्हणतात. पेरू देशाच्या सरकारने २००७ साली दिरंगाईविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. इक्वेडोरने तीच २००३ साली काढली होती. दोन्हीकडे लोकांना आपापली घड्याळे जुळवायला सांगितले गेले, कारण दोन्हीकडे लोकांचा समज एकच होता : उशीर हा आपला राष्ट्रीय रोग.

इतिहास मात्र निराळे सांगतो. ज्या इंग्रजांची वेळ सगळ्या जगाने आदर्श मानली, त्या इंग्लंडातले विणकर आणि चांभार अठराव्या शतकात सोमवारी कामावर येत नसत. रविवारचा सण सोमवारी लांबवण्याच्या या रिवाजाला थट्टेने 'संत सोमवार' म्हणत. कारखान्याचा भोंगा, दंड आणि आगगाडी यांनी त्या लोकांना घड्याळ शिकवले. प्रत्येक गावाची वेळ निराळी असे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली लंडनची वेळ लावली, आणि ती कायद्याने देशाची वेळ व्हायला १८८० साल उजाडले. जपानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. कातेंडाइके नावाचा डच नौदल अधिकारी १८५७ ते १८५९ नागासाकीत जपान्यांना नौकानयन शिकवीत होता. भरतीच्या वेळी सामान यायचे ते वेळेवर येत नाही, माणसे ठरल्या वेळी भेटत नाहीत, असे वैतागून त्याने जपान्यांच्या संथपणाविषयी लिहून ठेवले आहे. पुढे १ जानेवारी १८७३ पासून जपानने नवी कालगणना आणि समान चोवीस तासांचा दिवस स्वीकारला. शाळा, आगगाड्या, लष्कर आणि कारखाने यांनी दोन-तीन पिढ्यांत जे घडवले ते आज जगाला ठाऊक आहे. आता लोक म्हणतात, वक्तशीरपणा जपान्यांच्या रक्तातच आहे. रक्त तर १८५७ सालीही तेच होते!

आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली. तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली जुनी 'मुंबईची वेळ' शहरात काही ठिकाणी १९५५ पर्यंत नांदत होती. एका शहरात दोन वेळा चालत असता पाहुणा अर्धा तास उशिरा आला, तर त्याला दोष देण्यापूर्वी तो कोणत्या घड्याळाने निघाला हे विचारणे भाग होते.

दोषांविषयी एवढे पुरे. गुणांकडे वळलो की आपला 'च' अधिक हळवा होतो. 'माहेर' हा शब्द घ्या. या शब्दाला जगात प्रतिशब्द नाही, असे मी व्याख्यानांतून ऐकले आहे, लेखांतून वाचले आहे. पण सीमा ओलांडून कर्नाटकात पाऊल टाका; तिथे 'तवरुमने' आहे, आणि तिच्यावरच्या गाण्यांनी तिकडच्या बायकांचेही डोळे भरतात. गुजरातीत 'पियर' आहे, हिंदीत 'मायका', 'पीहर', 'नैहर' आहेत. याहून लांब चीनमध्ये 'न्यांग-ज्या' आहे. त्याचा शब्दशः अर्थच आईचे घर. चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकीने नवऱ्याला घेऊन माहेरी जायचे अशी तिकडची जुनी रीत. आपली भाऊबीज पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. इंग्लंडात लग्न झालेल्या लेकींची नव्हे, पण परक्या घरी मोलकरीण म्हणून राबणाऱ्या मुलींची अशीच एक सुट्टी होती. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी त्यांना आईकडे जायला मोकळीक मिळे, आणि वाटेत रानफुले वेचीत त्या घरी जात.

गोव्यात जुन्या पोर्तुगीज बोलणाऱ्या घरांतून 'सावदाद' हा शब्द ऐकू येई. गेलेल्या काळाची, दूर गेलेल्या माणसाची गोड हुरहूर असा काहीसा त्याचा अर्थ. विसाव्या शतकाच्या आरंभी तेशेइरा द पाश्कोआइश या कवीने व त्याच्या सहकाऱ्यांनी या भावनेला पोर्तुगीज राष्ट्राचा आत्माच ठरवले; तिचे भाषांतर होणे नाही, अशी ग्वाही दिली. अगदी हीच ग्वाही वेल्समधले लोक आपल्या 'हिराइथ'बद्दल देतात आणि रुमानियन आपल्या 'दोर'बद्दल. या तिघांना एका ओसरीवर बसवले आणि शेजारी जात्यावर बसलेली आपली एखादी सासुरवाशीण गाऊ लागली, तर भाषांतर करणाऱ्याची गरज कुणाला वाटेल असे मला वाटत नाही.

पाहुणचाराची कथा थोडक्यात उरकतो. अतिथीला देव मानावे ही शिकवण तैत्तिरीय उपनिषदात आहे, आणि तिचा आपल्याला अभिमान वाटावा हे योग्यच. पण ग्रीकांनी पाहुण्यांचे रक्षण थेट झ्यूस या आपल्या देवराजाकडे सोपवले होते, अब्राहामाने दारी आलेल्या तीन अनोळखी प्रवाशांना पाय धुवायला पाणी देऊन जेवू घातल्याची कथा बायबलात आहे, आणि पठाणांच्या आचारधर्मात पाहुणचार हे पहिल्या प्रतीचे कर्तव्य मानलेले आहे.

नको असलेली वस्तू मात्र हटकून शेजाऱ्याची ठरते. न सांगता मेजवानीतून निसटण्याला इंग्रज 'फ्रेंच रजा' म्हणतात. फ्रेंच लोक त्यालाच इंग्रजी पद्धतीने सटकणे म्हणतात. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाला रशियन लोक 'प्रुसाक' म्हणजे प्रशियन म्हणतात, तर जर्मनीच्या काही भागांत त्यालाच 'रशियन' म्हणत. शास्त्रज्ञ लिनियस याने १७६७ साली त्याचे नाव 'जर्मन' असे नोंदवले आणि तंटा कागदोपत्री मिटवला. झुरळांना यातले काही ठाऊक नाही.

माझ्या वर्गात दरवर्षी 'माझा देश' या विषयावर निबंध येतात, आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : 'विविधतेत एकता जगात फक्त भारतातच आहे.' मी त्या वाक्यावर काट मारीत नाही. समासात एवढेच लिहितो, 'नकाशात इंडोनेशिया शोध.' त्या देशाचे राष्ट्रीय बोधवाक्य हेच आहे. ते चौदाव्या शतकातल्या एम्पू तंतुलर या जावानीज कवीच्या 'सुतसोम' काव्यातून घेतले आहे, आणि त्याच्या पहिल्याच शब्दात आपला संस्कृत 'भिन्न' बसलेला आहे. अनेकांतून एक, या अर्थाचे लॅटिन वचन अमेरिकेने १७८२ साली आपल्या राजमुद्रेवर घातले. युरोपीय संघाने आणि दक्षिण आफ्रिकेने २००० साली याच आशयाची बोधवाक्ये घेतली. ज्या ज्या घरात भावंडे पुष्कळ, त्या त्या घरात हे वाक्य भिंतीवर टांगावे लागते.

मग प्रश्न उरतो : माणसांना हा 'च' इतका हवासा का वाटतो? आपल्यापुरते सांगायचे तर त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडते. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि नवे राज्यकर्ते आमच्याविषयी लिहू लागले. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचे जे गॅझेटियर निघाले, त्यात जातीजातींपुढे काटकसरी, आळशी, आतिथ्यशील अशी विशेषणे शिक्के मारावे तशी मारलेली आहेत. असा शिक्का बसला की माणूस दोनच गोष्टी करतो. तो खरा मानून खाली मान घालतो, किंवा उलट शिक्का तयार करून छाती पुढे काढतो. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून शतपत्रे लिहिली आणि आपल्या लोकांच्या आळसावर, अज्ञानावर कोरडे ओढले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली आणि त्याच लोकहितवादींचा समाचार घेत स्वदेशाचा, स्वभाषेचा अभिमान पेटवला. दोघेही आपापल्या परीने देशाचे हितकर्ते. दोघांनी मराठी मनाला जागे केले. पण पुढे त्यांच्या लेखनातले कष्ट विसरले गेले आणि दोघांचे 'च' तेवढे आपल्या तोंडी राहिले. दूषणाचा 'च' आणि भूषणाचा 'च'. फराळाच्या बैठकीत ते आजही आळीपाळीने येतात.

त्याच काळात तिसरी एक वाट पुण्यातच निघाली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या दुःखात त्यांनी आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचे दुःख ओळखले. 'असे दैव आमच्याच वाट्याला' म्हणून ते बसून राहिले नाहीत. गुलामी तिकडे माणसांनी लादली आणि माणसांनीच मोडली, तर इथेही ती मोडता येईल, हे त्यांना दिसले. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्याला पत्र लिहिले. अमेरिकेतले निग्रो आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य त्यांनी त्यात सांगितले, आणि निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागवली. साम्य ओळखले म्हणजे प्रत मागवता येते. 'हे आमच्याकडेच' म्हणणाऱ्याला मागवण्यासारखे काही नसते आणि पत्र कुणाला लिहावे हेही ठाऊक नसते.

म्हणूनच ही केवळ गमतीची बाब नाही. उशीर रक्तातच आहे म्हटले की शाळेची घंटा कोण सुधारणार? खेकडेपणा मराठीच आहे म्हटले की शेजाऱ्याचा पाय ओढणाऱ्याला जातिवंतपणाचा दाखला मिळतो. आणि माया आपल्याकडेच आहे असे मानले, की गावात नव्याने आलेल्या परप्रांतीय कुटुंबाला तिची गरज असेल हे सुचत नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. 'आपल्याकडेच'ला कंटाळून काही शहाणे दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, "अहो, हे सगळीकडेच चालते!" लाचेबद्दल, अस्वच्छतेबद्दल, जातीबद्दल हे वाक्य किती सोयीने वापरले जाते! पाहा, त्याच्याही शेपटीला 'च' आहेच. जगात सगळीकडे झुरळे आहेत म्हणून आपल्या घरातली झाडायची नाहीत, असे कोणती गृहिणी म्हणेल? शिवाय सगळे काही सगळीकडे सारखे असते असेही नाही. भावना सार्वत्रिक असते; तिचे घाट मात्र निराळे असतात. माहेरची ओढ कर्नाटकात आणि चीनमध्ये आहे, पण पहाटेच्या अंधारात जात्याच्या लयीवर तिला मिळालेला ओवीचा आकार आपल्या आज्या-पणज्यांनी घडवला. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो ठेवा आपला आहे, आणि तो आपला म्हणायला दुसऱ्या कुणाला माहेर नाही असे म्हणण्याची गरज पडत नाही.

आपल्या भाषेची थोरवी अशी की, रोगासारखे औषधही तिने एकाच अक्षराचे दिले आहे. 'च'च्या जागी 'ही' घालून पाहावे. आगतस्वागत आपल्याकडेही आहे. उशीर आपल्याकडेही होतो. एकमेकांचे पाय आपल्याकडेही ओढले जातात आणि ओढणारे हात आपल्याकडेही सोडवता येतात. यंदा फराळाच्या ताटाभोवती मंडळी जमली आणि कुणी 'हे आपल्याकडेच' असे सुरू केले, तर वाद घालू नये. सणाच्या दिवशी पाहुण्याला खोडून काढणे बरे दिसत नाही. लाडू पुढे करावा आणि हळूच म्हणावे, "आपल्याकडेही, भाऊसाहेब!"